ई-चलन मान्य नसल्यास : वाहनधारकाचे हक्क आणि न्यायालयाचा मार्ग

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे गाव नकाशावर लहान दिसत असले, तरी वाहतुकीच्या दृष्टीने ते मोठे आहे. दक्षिणेकडून नांदेड-अर्धापूरचा रस्ता येथे येतो, उत्तरेस आखाडा बाळापूर, कळमनुरी आणि हिंगोलीकडे जातो व पूर्वेस हदगाव, उमरखेड, यवतमाळमार्गे नागपूरची वाट फुटते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आणि ३६१ यांची ही गाठ. हळदीच्या हंगामात भरलेले टेम्पो, ऊस वाहणारे ट्रॅक्टर, मराठवाडा व विदर्भ यांच्या दरम्यान धावणाऱ्या एस.टी. गाड्या, काळी-पिवळी जीपगाड्या आणि फाट्यावरची गरम खिचडी खाण्यासाठी थांबलेल्या मोटारी यांची येथे दिवसरात्र वर्दळ असते. जेथे एवढी वर्दळ तेथे वाहतुकीचे नियम मोडणारे असतात, नियमांची अंमलबजावणी करणारे असतात आणि दंड आपणास अन्यायाने झाला असे मानणारेही असतात.

पूर्वी हा प्रश्न रस्त्यावरच उपस्थित होई आणि बहुधा रस्त्यावरच संपे. पोलीस शिपाई समोर उभा असे, वाहनचालक आपली बाजू सांगे, पावती फाटे वा न फाटे. आता यंत्राने टिपलेल्या छायाचित्रावरून चलन तयार होते व त्याची सूचना भ्रमणध्वनीवर संदेशाद्वारे येते. वाद घालायला समोर माणूस उरलेला नाही. त्यामुळे, 'हे चलन मला मान्य नाही' असे कोणास आणि कसे सांगावयाचे, हेच अनेकांना ठाऊक नसते. काही जण निमूटपणे पैसे भरतात, तर बरेच जण संदेश पुसून टाकतात आणि वर्षभराने वाहन विकावयास निघाल्यावर थकबाकी पाहून दचकतात. १ जुलै २०२५ पासून राज्यातील माल व प्रवासी वाहतूकदारांच्या संघटनांनी जे आंदोलन केले, त्यात ई-चलनाविषयीची तक्रार अग्रभागी होती. या दोन्ही टोकांच्या मध्ये कायद्याने एक सरळ मार्ग ठेवलेला आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांच्याकडे लोक असे संदेश वाचून घेण्यासाठी येतात. म्हणून त्यांना तो मार्ग माहीत असणे अगत्याचे आहे.

चलन म्हणजे शिक्षा नव्हे

मोटार वाहन अधिनियम १९८८ हा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. २०१९ साली त्यात व्यापक सुधारणा झाल्या आणि दंडाच्या रकमा बऱ्याच वाढल्या. महाराष्ट्रात सुधारित तडजोड शुल्काची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. या कायद्याखाली दोषी ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, पोलीस अधिकाऱ्याचा नव्हे. मग पोलीस पैसे कसे घेतात? त्याचे उत्तर अधिनियमाच्या कलम २०० मध्ये आहे. काही ठरावीक गुन्ह्यांबाबत, राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यास ठरावीक रक्कम स्वीकारून प्रकरण आपसात मिटविण्याची मुभा या कलमाने दिली आहे. म्हणजे चलनावर जी रक्कम दिसते ती तडजोडीची रक्कम होय. तडजोडीस दोन्ही पक्षांची संमती लागते. वाहनधारकास ती मान्य नसेल, तर प्रकरण न्यायालयासमोर जावयास हवे.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 'पाचशे रुपयांसाठी कोण तालुक्याला खेटे घालणार' असे म्हणून चूक नसताना पैसे भरणाऱ्याने केवळ पाचशे रुपयेच दिलेले नसतात. २०१९ च्या सुधारणेनुसार, तडजोडीने मिटलेला गुन्हाही पुढच्या खेपेस 'पूर्वी केलेला गुन्हा' म्हणून मोजला जातो आणि दुसऱ्या खेपेची शिक्षा अधिक कडक असते. शिवाय अतिवेग, धोकादायक रीतीने वाहन चालविणे, दुचाकीवर तिघांनी बसणे, शिरस्त्राण न घालणे अशा काही गुन्ह्यांत अनुज्ञप्ती निलंबनाची कार्यवाही तडजोडीनंतरही होऊ शकते. शिरस्त्राणाच्या बाबतीत तर कलम १९४-ड मध्ये तीन महिन्यांच्या अनर्हतेचीच तरतूद आहे. सुटीच्या दिवशी स्कूटर चालविणाऱ्यास याचे विशेष वाटणार नाही. परंतु काळी-पिवळी किंवा टेम्पो चालवून ज्याचे घर चालते, त्याच्या दृष्टीने तीन महिने अनुज्ञप्ती नसणे म्हणजे तीन महिने चूल अडणे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चलन कोणत्या कलमाखालचे आहे, हे पाहिलेच पाहिजे. निलंबनाचा आदेश काढण्यापूर्वी अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याने कलम १९ नुसार संबंधितास म्हणणे मांडण्याची संधी द्यावयाची असते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यावर अपील करता येते.

अन्याय्य वाटणे आणि अवैध असणे

फाट्यावर उभे राहून चौकशी केली तर ज्यांच्या चलनाविषयी तक्रार नाही असा वाहनचालक सापडणे कठीण. परंतु या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. 'बाकीचेही विनाशिरस्त्राण जात होते, मलाच का धरले', 'शेतापर्यंतच तर जायचे होते', 'रस्ता मोकळा होता' ही कारणे मनाला पटणारी असली तरी कायद्यापुढे टिकत नाहीत. दुसऱ्याला सोडले म्हणून आपला गुन्हा नाहीसा होत नाही. अशा चलनाविरुद्ध झगडण्यात वेळ घालविण्यापेक्षा ते भरून मोकळे होणे शहाणपणाचे.

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारींची गोष्ट निराळी. वाहन आपले नाही, वाहन त्या ठिकाणी नव्हतेच, छायाचित्रात गुन्हा दिसत नाही, वेगमर्यादेची पाटीच नव्हती, नोटीस मुदतीत आली नाही, कागदपत्र भ्रमणध्वनीवर दाखवूनही ते नसल्याचे चलन झाले, ही कारणे पुराव्याने सिद्ध होऊ शकतात.

उदाहरणार्थ, समजा की वारंगा परिसरातील एका शेतकऱ्याची दुचाकी गोठ्याशेजारी उभी आहे आणि त्याला पुणे शहरात विनाशिरस्त्राण वाहन चालविल्याचा संदेश आला. असे दोन कारणांनी घडू शकते. हिंगोलीच्या वाहनांचा संकेतांक एमएच ३८ आहे. मळलेल्या पाटीवरचा ३ आणि ८ यंत्राला वा माणसाला एकमेकांसारखे दिसणे अशक्य नाही. दुसरे कारण अधिक गंभीर, ते म्हणजे कोणीतरी त्याच क्रमांकाची बनावट पाटी लावून दुसरेच वाहन फिरवीत असणे. पहिल्या प्रकारात चलनासोबतचे छायाचित्र पाहताच उलगडा होतो, कारण वाहनाचा रंग किंवा बनावट वेगळी असते. दुसऱ्या प्रकारात मात्र केवळ चलनाची तक्रार करून भागत नाही. स्थानिक पोलीस ठाण्यात बनावट पाटीविषयी लेखी फिर्याद देऊन तिची पोच घ्यावी, कारण उद्या त्याच क्रमांकाने अपघात वा चोरी झाली तर हीच पोच उपयोगी पडेल. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही अतिसुरक्षित नोंदणी पाटी बसविण्याची जी सक्ती झाली, तिच्यामागे हेही एक कारण आहे.

छायाचित्र, यंत्र आणि पाटी

यंत्राद्वारे होणाऱ्या अंमलबजावणीसाठी २०१९ च्या सुधारणेने अधिनियमात कलम १३६-अ घातले आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ समाविष्ट झाला. वाहनधारकाच्या दृष्टीने हा नियम फार मोलाचा आहे. यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे; ज्या पट्ट्यावर यंत्राची नजर आहे त्याच्या अलीकडे तशी सूचना देणारी ठळक पाटी असावी; चलनासोबत गुन्हा आणि नोंदणी पाटी स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने केलेले मापन, दिनांक, वेळ, स्थळ आणि भंग झालेल्या तरतुदीचा उल्लेख असावा, अशी अपेक्षा त्यात आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही जोडावयाचे असते. हे प्रमाणपत्र पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब नुसार दिले जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ त्या जागी आले आहे.

वेगाच्या बाबतीत कायदा आणखी काटेकोर आहे. 'गाडी फार जोरात होती' असे एका साक्षीदाराने आपल्या मताने सांगितले, एवढ्यावर कोणासही अतिवेगासाठी दोषी ठरविता येत नाही. ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेले असले पाहिजे, असे कलम १८३ सांगते. उपकरण बरोबर मोजते की नाही, हा ओघाने येणारा प्रश्न. वाण्याच्या तराजूला जसा वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, तसा वेग मोजणाऱ्या रडार उपकरणालाही पडताळणीचा शिक्का हवा, असे वैधमापनाच्या सर्वसाधारण नियमांत २०२५ साली केलेल्या दुरुस्तीने ठरविले व ती १ जुलै २०२५ पासून लागू झाली. उपकरणाच्या पडताळणीचा दाखला माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून मागता येतो आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे.

अतिवेग व धोकादायक वाहन चालविणे या दोन गुन्ह्यांना कलम २०९ चे विशेष संरक्षण आहे. वाहनचालकास गुन्ह्याच्या वेळीच खटल्याची ताकीद दिलेली असली पाहिजे. नाहीतर १४ दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व स्थळ नमूद केलेली नोटीस त्यास किंवा नोंदणीकृत मालकास बजावलेली वा नोंदणीकृत टपालाने पाठविलेली असली पाहिजे. किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेले असले पाहिजे. असे काहीच झाले नसेल तर एरवी दोषसिद्धी होऊ शकत नाही. मात्र चालकाचे नाव-पत्ता वेळेत कळू शकत नव्हता किंवा त्याच्याच वर्तनामुळे विलंब झाला, असे न्यायालयास पटले तर हे संरक्षण राहत नाही. ब्रिटनच्या १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यातही १४ दिवसांची अशीच तरतूद होती. त्यामागील विचार साधा आहे. चार महिन्यांपूर्वी अमुक दिवशी दुपारी आपण कोठे, किती वेगात होतो, हे कोणास आठवणार? आठवण ताजी असतानाच आरोप कळविला, तरच माणूस बचाव करू शकतो. गंमत अशी की २०२१ च्या नियमाने यंत्राधारित गुन्ह्याची नोटीस पाठविण्यास १५ दिवसांची मुदत दिली, तर कलम २०९ मध्ये ती १४ दिवसांची आहे. नियमापेक्षा अधिनियम श्रेष्ठ असल्याने अतिवेगाच्या प्रकरणात तो एक दिवसही महत्त्वाचा ठरू शकतो.

रस्त्यावर शिपायाने काढलेल्या छायाचित्रांचा प्रश्न वेगळा. स्वतःच्या खाजगी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ते सवडीने चलन यंत्रात भरण्याच्या प्रथेविषयी फार तक्रारी आल्याने, तसे करू नये असे आदेश राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. छायाचित्रावरील वेळ आणि चलनावरील वेळ यांत अंतर दिसल्यास ते तक्रारीत अवश्य नमूद करावे.

कागदपत्रांच्या बाबतीतही गैरसमज पुष्कळ आहेत. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांतील अनुज्ञप्ती व नोंदणी प्रमाणपत्र केंद्रीय नियम १३९ नुसार ग्राह्य आहे. विमा प्रमाणपत्र आणि मालवाहू वा प्रवासी वाहनांच्या बाबतीत योग्यता प्रमाणपत्र व परवाना जवळ नसल्यास, कलम १३० प्रमाणे मागणी झाल्यापासून १५ दिवसांत त्यांच्या साक्षांकित प्रती सादर करता येतात. वाहन रस्त्यात उभे केल्याच्या चलनाबाबत मात्र वारंग्यासारख्या ठिकाणी सहसा बचाव उरत नाही. खिचडीसाठी महामार्गाच्या कडेला अर्धी आत, अर्धी बाहेर उभी केलेली मालमोटार रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस दिसत नाही आणि तिच्यावर आदळून माणसे मरतात. येथे दंड थोडा आहे हीच खरी तक्रार असावयास हवी.

तक्रार कशी करावी

चलनाचा संदेश आल्यावर प्रथम तो खरा आहे काय, हे पाहावे. 'चलन' नावाची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवून, ती उघडताच भ्रमणध्वनीचा ताबा घेऊन बँक खाते रिकामे करणाऱ्या टोळ्या सध्या फार झाल्या आहेत. संदेशातील दुव्यास वा फाईलीस हात न लावता महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या शासकीय संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपमध्ये वाहन क्रमांक स्वतः घालून चलन शोधावे. तेथे ते न आढळल्यास संदेश बनावट समजण्यास हरकत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

चलन खरे असेल तर त्याची प्रत आणि छायाचित्र उतरवून घ्यावे. तक्रार नोंदविण्याची सोय ॲपमध्येच आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी जिल्हा वाहतूक शाखेकडे लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज करण्याची मुदत चलनावर पाहावी आणि नियम वेळोवेळी बदलत असल्याने ऐकीव मुदतीवर विसंबू नये. अर्जात भावना नको, वस्तुस्थिती हवी. 'मी गरीब शेतकरी असून मजवर अन्याय झाला' या वाक्याने काही साध्य होत नाही. 'चलनातील वाहन लाल रंगाचे असून माझ्या नोंदणी प्रमाणपत्रानुसार माझे वाहन काळ्या रंगाचे आहे' या एका वाक्याने चलन रद्द होऊ शकते. त्या दिवशी वाहन गावातच होते, हे दाखविणारा पुरावा जोडावा. दुरुस्तीचे बिल, बाजार समितीची पावती किंवा शिक्षक असल्यास शाळेचे हजेरीपत्रकसुद्धा चालते. वेगमर्यादेची पाटी झाडाआड असेल तर तिचे दिनांकासह छायाचित्र त्याच आठवड्यात काढावे, कारण महिन्याभरात झाड छाटले जाते आणि मग पुरावा राहत नाही.

वाहन दुसऱ्याने चालविले असेल तर मालकाने ते लपवू नये. चालकाचे नाव, पत्ता व अनुज्ञप्तीची माहिती अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास देणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. वाहन विकले असून नोंदणी मात्र जुन्याच नावावर राहिली, हा तर ग्रामीण भागातील नित्याचा घोळ. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर व्यवहार झाला म्हणून परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मालक बदलत नाही आणि चलने जुन्याच मालकाच्या नावे येत राहतात.

न्यायालयात

तक्रार फेटाळली गेली आणि तरीही चलन मान्य नसेल तर न्यायालयाचा मार्ग खुला असतो. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूर येथे 'न्याय कौशल' केंद्राचे उद्घाटन झाले, त्याचबरोबर काटोल येथे वाहतुकीच्या प्रकरणांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. आभासी न्यायालयात दोनच पर्याय असतात, दंड भरणे किंवा प्रकरण लढविणे. लढविण्याचा पर्याय निवडला की प्रकरण त्या क्षेत्राच्या नियमित न्यायालयाकडे जाते. म्हणजे गुन्हा पुण्यात घडल्याचा आरोप असेल तर हजेरीही तिकडेच लागण्याचा संभव. हिंगोलीच्या माणसाच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे आणि म्हणूनच तक्रारीचा पहिला टप्पा काळजीपूर्वक पार पाडणे अधिक महत्त्वाचे.

समन्स आल्यावर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येते. गुन्हा मान्य असेल तर ठरावीक रक्कम मनिऑर्डरने पाठवून कूपनावरच तसे लिहावे, अशी सोय कलम २०८ मध्ये अद्याप आहे. टपाल खात्याची जुनी मनिऑर्डर गेली तरी तिचे कूपन कायद्यात शिल्लक राहिले. गुन्हा अमान्य असल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तसे स्पष्ट सांगावे. त्यानंतर आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. चलन करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष, छायाचित्र, यंत्राचे दाखले हे सर्व त्यांनी सादर करावयाचे असते व त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आरोपीस असतो. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सबळ कारण असल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते. आरोपी निर्दोष ठरला तर प्रश्न मिटला. दोषी ठरल्यास मात्र तडजोड शुल्काइतकाच दंड होईल असे नाही. तो कायद्यातील कमाल मर्यादेपर्यंत जाऊ शकतो. हा धोका आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न असलेले नागरिक यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार विनामूल्य वकील मिळू शकतो व त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावयाचा असतो.

लोकअदालतीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. थकीत चलनांची नोटीस आली की 'लोकअदालतीत गेल्यास निकाल आपल्या बाजूने लागेल' असे सांगितले जाते. लोकअदालत दोषी कोण हे ठरवीत नाही. ती तडजोड घडविते. तेथे झालेला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. ज्यास रक्कम भरून जुने प्रकरण मिटवावयाचे आहे त्याने तेथे जावे. 'मी नियम मोडलाच नाही' असे ज्याचे म्हणणे आहे, त्याची जागा नियमित न्यायालयात आहे.

ग्रामपंचायतीस करता येण्यासारखे

एकाच ठिकाणी, एकाच कारणासाठी गावातील पंधरा-वीस जणांना चलने होत असतील तर दोष नेहमी चालकांचाच असेल असे नाही. पाटी चुकीच्या जागी असेल, चौपदरीकरणानंतर जुन्या वेगमर्यादेचा फलक तसाच राहिला असेल, किंवा गावात शिरण्याचे वळणच असे असेल की उलट दिशेने गेल्याखेरीज गत्यंतर नाही. शेताकडे जाण्यासाठी दुभाजक ओलांडण्याची जागा दोन-तीन किलोमीटरवर असेल तर माणूस डिझेल वाचवितो आणि चलन ओढवून घेतो. ही बाब एकट्यादुकट्याच्या तक्रारीने सुटणारी नाही. कलम २१५ खाली प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते व जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. ग्रामसभेचा ठराव, त्या जागेची छायाचित्रे आणि झालेल्या चलनांची यादी जोडून या समितीकडे व महामार्गाच्या संबंधित कार्यालयाकडे निवेदन द्यावे आणि समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय आला की नाही, याची ग्रामसेवकाने विचारणा करीत राहावे.